डॉक्टर, तो आधी तुमच्याकडे येतो

तालुक्याच्या गावातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

मी एका उपजिल्हा रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, चौदा वर्षं काउन्सेलर आहे. आमची खोली कुठं आहे हे सहसा कुणी कुणाला विचारत नाही. लोक एक्स-रेच्या पाटीकडे बघत तीनदा दारावरून जातात आणि चौथ्यांदा चटकन आत शिरतात. आत आलेल्या माणसाला मी पाणी देते, नाव न विचारता बसवते आणि थोड्या वेळानं एक प्रश्न हमखास विचारते, "इथं येण्याआधी कुणाला दाखवलं होतं?"

उत्तरात बहुतेक वेळा तुमच्यापैकी कुणाचं तरी नाव येतं. तालुक्याला माणूस आधी फॅमिली डॉक्टरकडेच जातो, मग ताप असो, गळू असो की ही न सांगण्यासारखी गोष्ट. तुमच्याकडे तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतो. माझ्याकडे येतो तो तिसऱ्या-पाचव्या महिन्यात, किंवा बायकोच्या गरोदरपणातल्या तपासणीत काहीतरी निघालं म्हणून दोन वर्षांनी. या मधल्या दिवसांबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. तक्रार म्हणून वाचलंत तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

एका मुलाची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. पुण्याकडे कंपनीत कामाला, वय चोवीस. दिवाळीच्या सुट्टीत गावी आला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तुमच्यातल्याच एका डॉक्टरांकडे गेला. त्याला लहानपणापासून ओळखणारे डॉक्टर. "जरा चुकीचं झालंय," एवढंच म्हणाला. डॉक्टरांनी दार लावून घेतलं, हे चांगलं केलं. मग दहा मिनिटं झापलं. आईवडिलांची आठवण करून दिली, एक इंजेक्शन 'सेफ्टीसाठी' ठोकलं आणि शेजारच्या लॅबमध्ये ट्रायडॉट, म्हणजे एचआयव्हीची झटपट चाचणी, करायला पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह. "सुटलास. परत असले धंदे करू नकोस."

मुलगा खरोखर सुटल्यासारखा घरी गेला. अठरा-वीस दिवसांनी ताप आला, घसा बसला, अंगावर पुरळ उठलं. कंपनीजवळच्या दवाखान्यात डेंग्यूची तपासणी झाली, ती निगेटिव्ह. 'व्हायरल आहे' म्हणून गोळ्या दिल्या, आठवड्यात बरा झाला. पाचव्या महिन्यात शिवजयंतीच्या शिबिरात त्यानं रक्तदान केलं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली, डॉक्टर. त्याच्या खिशात तुमचा निगेटिव्ह रिपोर्ट होता, म्हणून तर तो इतक्या निर्धास्तपणे रक्त द्यायला गेला. रक्तपेढीच्या तपासणीत एचआयव्ही पकडला गेला आणि त्यांनी त्याला आमच्याकडे धाडलं.

तिसऱ्या दिवशीच्या ट्रायडॉटला काय अर्थ होता? शून्य. ती चाचणी विषाणू शोधत नाही, शरीरानं विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, आणि ती तयार व्हायला आठवडे लागतात. तिसऱ्या दिवशीचा रिपोर्ट त्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही. त्याआधीच्या आयुष्याबद्दल सांगतो. आधीची स्थिती नोंदवायला तो जरूर करावा, पण मग तसं रुग्णाला सांगावं. 'सुटलास' हा शब्द त्या दिवशी वापरायचा नव्हता. हल्लीची चौथ्या पिढीची चाचणी, जी प्रतिपिंडांबरोबर विषाणूचं पी-२४ हे प्रथिनही शोधते, ती शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत केली तर ४५ दिवसांनी आलेल्या निगेटिव्हवर भरवसा ठेवता येतो. बोटाला टोचून किंवा पट्टीवर करतात त्या रॅपिड चाचण्यांना ९० दिवस धरावेत. गावातल्या लॅबमध्ये यातली कोणती होते हे तुम्हाला तरी माहीत असायला हवं. रुग्णाला ते कळणं शक्य नाही.

आणि तो मधला ताप. नव्या लागणीत दोन ते चार आठवड्यांत अनेकांना असा ताप येतो. घसा, पुरळ, मानेत गाठी, सांधे दुखणं, सगळं फ्लूसारखं किंवा डेंग्यूसारखं. आपोआप जातं. कंपनीजवळच्या डॉक्टरला मागचं काही माहीत नव्हतं, त्याला दोष कसा देऊ? पण तुमच्या दवाखान्यातून निघताना कुणी त्याला म्हणालं असतं की महिन्याभरात ताप आला तर आधी मला सांग, तर तो फोन करून आला असता. तो मुलगा सांगितलेलं ऐकणारा होता.

आता खरी गोष्ट. त्या सकाळी तो तुमच्या खुर्चीत बसला तेव्हा साधारण साठ तास झाले होते. ७२ तास व्हायला बारा तास बाकी होते.

पीईपी हा शब्द तुम्ही ऐकला असेल, निदान सुई टोचलेल्या नर्सच्या संदर्भात. संसर्गाची शक्यता घडून गेल्यावर ७२ तासांच्या आत एचआयव्हीची औषधं सुरू करायची आणि २८ दिवस न चुकता घ्यायची. विषाणू शिरल्याबरोबर सगळीकडे पसरत नाही. आधी शिरल्या जागच्या पेशींत आणि मग जवळच्या लसिका ग्रंथींत जातो, आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात औषध पोचलं तर त्याचं बस्तान बसत नाही. पहिल्या दोन तासांत सुरू केलं तर सर्वांत उत्तम, मग दर तासागणिक उपयोग कमी, आणि ७२ तासांनंतर द्यायचंच नाही. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्रॅव्हिर. तिन्ही मिळून एक गोळी, रोज एक.

तो मुलगा आज एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून, औषध नेतो. त्याला मिळते ती गोळी कोणती माहीत आहे? हीच. २८ घेऊन कदाचित भागलं असतं, आता त्याला ती जन्मभर घ्यायची आहे. तब्येत उत्तम आहे त्याची, कामावर जातो, विषाणूचं प्रमाण तपासणीत दिसेनासं झालंय. रडगाणं म्हणून सांगत नाही. हिशेब म्हणून सांगते.

आता तुम्ही म्हणाल, 'मॅडम, सरकारी दवाखान्यात तरी हे देता का तुम्ही?' बरोबर बोललात. आमच्याकडे अपघात विभागात ही औषधं असतात ती प्रामुख्यानं सुई टोचलेल्या कर्मचाऱ्यांसाठी आणि लैंगिक अत्याचार झालेल्यांसाठी. स्वखुशीनं संबंध आला आणि कंडोम फाटला असं सांगणाऱ्याला आमच्याच लोकांनी परत पाठवल्याचं मी पाहिलंय. त्यावरून मी भांडलेय, दोनदा जिंकलेय, बाकीच्या वेळी हरलेय. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ मध्येच सांगितलं होतं की पीईपी देताना संसर्ग कामावर झाला की घरात की लॉजवर असा भेद करू नका. विषाणूला तो भेद कळत नाही. आमच्याकडे ते पुरतं उतरलेलं नाही, हे मान्य. त्यासाठी वेगळं पत्र वेगळ्या पत्त्यावर लिहायचं आहे. पण तोवर खासगीतले फिजिशियन हे औषध लिहून देऊ शकतात आणि मोठ्या गावातली औषध दुकानं ते आणून देतात. तुमच्यापैकी निम्म्याहून अधिक बीएएमएस, बीएचएमएस आहात. तुम्हीच लिहून द्या असा माझा आग्रह नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या फिजिशियनला तिथल्या तिथं फोन लावा आणि रुग्णाला त्याच गाडीनं पाठवा. 'सोमवारी बघू' म्हणू नका.

कुत्रा चावलेला माणूस येतो तेव्हा तुम्ही काय करता? जखम धुता, पहिला डोस देता, पुढच्या तारखा कार्डावर लिहून देता. रात्री बाराला त्या गल्लीत कशाला गेला होतास, कुत्र्याला दगड मारला होतास का, हे कुणी विचारत नाही. रेबीज होण्याआधी लस पोचली पाहिजे एवढंच डोक्यात असतं. तारखांचं तसं कार्ड या माणसालाही द्या, एवढीच माझी मागणी आहे. झापायचं असेल तर ४५व्या दिवशी झापा, तोवर तुमचा रागही उतरलेला असेल.

त्या मुलाचं आणखी एक राहिलं. त्यानं मला जे सांगितलं ते डॉक्टरांना सांगितलं नव्हतं, कारण डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं. त्या रात्री त्याच्यासोबत बाई नव्हती, पुरुष होता. डॉक्टरांनी मनात बाईच धरली, बाजारातली बाई, आणि सगळं व्याख्यान तिच्यावर दिलं. मुलगा मान खाली घालून ऐकत राहिला.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते आकड्यांत सांगते. जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि तो औषधावर नाही असं धरून चाललं, तर योनीमार्गे संबंधात बाईकडून पुरुषाला लागण होण्याचं प्रमाण १०,००० वेळांमागे साधारण ४, पुरुषाकडून बाईला ८. गुदमार्गे संबंधात घेणाऱ्याला १३८, करणाऱ्याला ११. मुखमैथुनात इतकं कमी की धड आकडा मांडता येत नाही. चुंबनात, हातानं, एकत्र झोपण्यात काहीच नाही. गुदद्वाराच्या आतलं अस्तर पातळ असतं आणि त्याला लगेच बारीक चिरा जातात, एवढंच यामागचं कारण. यात पाप-पुण्य नाही. हे सरासरीचे आकडे आहेत हेही लक्षात असू द्या. कुणाला अंगावर जखम किंवा दुसरा गुप्तरोग असेल, किंवा समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल आणि रक्तात विषाणू उसळलेला असेल, तर तेच आकडे कितीतरी पटीनं चढतात. म्हणून 'काय झालं, कुणासोबत, कंडोम होता का, फाटला का, कधी' हे पाच प्रश्न विचारल्याशिवाय धोका कळत नाही. नाडी न बघता ताप किती ते सांगण्यासारखं आहे ते.

विचारायचं कसं, ही अडचण मला कळते. समोरचा आपल्याच गावचा, त्याची आई आपल्याकडे बीपीच्या गोळ्यांना येते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी स्वतः एका मुलाला पहिलाच प्रश्न विचारला होता, "लग्न झालंय का?" तो "येतो मॅडम" म्हणून उठला आणि परत कधी आला नाही. अजून तो मला बाजारात दिसतो आणि रस्ता बदलतो. तेव्हापासून मी वाक्यच बदललं. "हे मी प्रत्येकाला विचारते, तुम्हालाही विचारते. जोडीदार पुरुष होता, बाई होती, की तृतीयपंथी? पुढून संबंध आला, मागून, की तोंडानं?" पहिल्या वेळी मलाच घाम फुटला. दहाव्या वेळी मी 'खोकला कोरडा की बेडका पडतो' तितक्या सहज विचारलं. लोक पटकन सांगतात. कुणीतरी एकदाचं विचारलं म्हणून त्यांना हलकं वाटतं. स्वखुशीनं आलेले पुरुष-पुरुष संबंध सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी गुन्ह्यातून बाहेर काढले, पण तालुक्याच्या दवाखान्यात मात्र अजून 'तसलं आपल्याकडे नसतं' हाच कायदा आहे. त्यामुळे गुदद्वाराशी झालेल्या जखमेवर मूळव्याधीचं मलम लावत फिरणारी माणसं माझ्याकडे येतात. दोन महिने, चार महिने. एकदा तर मूळव्याधीचं ऑपरेशन ठरलेला माणूस आला होता. त्याला सिफिलिस होता. आणि हो, मागून संबंध बायकांशीही येतात, नवराबायकोंतही येतात. त्यांनाही विचारा.

न विचारण्याचा तोटा दुसऱ्या टोकालाही होतो. कापड दुकानदार, पस्तिशीचा, प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये अकरा रिपोर्ट घेऊन आला. ट्रायडॉट, एलायझा, वेस्टर्न ब्लॉट, परत ट्रायडॉट, मुंबईला पाठवलेली पीसीआर. सगळे निगेटिव्ह. नऊ किलो वजन उतरलेलं. बायकोला वाटत होतं कॅन्सर आहे आणि आपल्यापासून लपवतायत. घडलं काय होतं? सहलीला गेला असताना मसाज करणाऱ्या बाईनं हातानं केलं होतं. बस. एचआयव्हीचा प्रश्नच येत नव्हता. तीन डॉक्टर झाले होते त्याचे. प्रत्येकानं आणखी एक तपासणी लिहिली, पण नक्की काय झालं ते एकानंही विचारलं नाही. 'बाहेर गेलो होतो' या वाक्यात काहीही मावतं हो. मी त्याला दोन मिनिटांत सांगितलं की तुम्हाला धोका नव्हता. त्याचा विश्वास बसायला चार भेटी लागल्या, कारण आठ महिने डॉक्टर तपासण्या लिहितायत म्हणजे काहीतरी असणारच, असं त्याच्या डोक्यात पक्कं झालं होतं. अशा माणसाला झोपेची गोळी आणि चांगला मानसोपचारतज्ज्ञ हवा असतो, बारावा रिपोर्ट नको.

एचआयव्हीच्या धास्तीत बाकीचे रोग मागे पडतात, आणि गंमत म्हणजे लागण होण्याची शक्यता त्यांचीच जास्त. परमा, म्हणजे गनोरिया, दोन ते सात दिवसांत दिसतो, लघवीच्या जागी पू आणि जळजळ. क्लॅमिडिया एक ते तीन आठवड्यांत, पुष्कळदा काही न दाखवता. नागिणीच्या जातीची हर्पीस बारा दिवसांच्या आत, दुखऱ्या बारीक फोडांनी. आपल्याकडे तालुक्याला यांच्या लघवीच्या पीसीआर चाचण्या होत नाहीत, त्या जिल्ह्यालाही शोधाव्या लागतात. म्हणून तर सरकारनं लक्षणांवरून उपचाराची पद्धत आणली. आमच्या रुग्णालयातल्या गुप्तरोगांच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये रंगीत पाकिटं मिळतात, फुकट. पू येतोय तर करडं पाकीट, न दुखणारी जखम असेल तर पांढरं, फोड असतील तर लाल. करड्या पाकिटात एका वेळी घ्यायची दोन औषधं असतात आणि परमा व क्लॅमिडिया दोन्ही त्यात धरलेले असतात. तुम्ही अजून पाच दिवस सिप्रो देता. परम्याचे जंतू सिप्रोला कधीचेच सरावलेत. पू आटतो, माणूस खूश होतो, जंतू तिथंच. मेडिकलवाल्याकडून आणलेलं तीन औषधांचं मलम हा त्याच्याही पुढचा प्रकार. त्यातल्या स्टिरॉइडनं जखमेचं रूपच असं बदलतं की मग तपासणाऱ्याला ती कशाची ते ओळखू येत नाही.

सिफिलिसबद्दल थोडं थांबते, कारण तो पुन्हा दिसायला लागलाय, निदान माझ्या खोलीत तरी. जुनी माणसं त्याला गरमी म्हणायची. साधारण तीन आठवड्यांनी एक जखम होते, कधी नव्वद दिवसांनीही. दुखत नाही. औषध न घेता चार-सहा आठवड्यांत बरी होते आणि इथंच माणूस फसतो. त्यानंतर अंगावर डाग उठतात, तळहातांवर आणि तळपायांवरसुद्धा. तळहातावरचे डाग घेऊन आलेल्याला 'साबणाची ॲलर्जी' सांगण्याआधी व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्तचाचणी, करून बघा. स्वस्त चाचणी आहे आणि कुठल्याही लॅबमध्ये होते. सुरुवातीच्या टप्प्यात बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं एकच इंजेक्शन, काम संपलं. रिॲक्शनच्या भीतीनं तुम्ही ते देत नसाल तर आमच्याकडे पाठवा, आम्ही देतो. आणि हिपॅटायटिस बी विसरू नका. आज तिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी त्याची लस लहानपणी घेतलेली नाही. धोक्याच्या संबंधानंतर पहिल्या चोवीस तासांत लस दिली तर ती अजून कामी येते. ती तर तुमच्या फ्रिजमध्येच असते.

यानंतर बायकांचं. एक नवरा दोन वर्षांपूर्वी तुमच्यातल्या कुणाकडे तरी पू येतो म्हणून गेला. उपचार झाला. 'बायकोला काही सांगू नका' म्हणाला, डॉक्टरांनीही नाही सांगितलं. बायकोला अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं. तिला वेगळ्या डॉक्टरांनी वेगळी औषधं दिली, मग सोनोग्राफी, मग दीड वर्षानं 'मूल का राहत नाही' ही दुसरी फेरी. गर्भाशयाच्या नळ्या बंद झाल्या होत्या. सासू तिला घेऊन नवस फेडत फिरत होती. तिचा दोष इतकाच की ती शांत होती. परमा आणि क्लॅमिडिया बाईमध्ये अनेकदा मुकाट राहतात आणि आत नळ्या बुजवत जातात. नवऱ्याचं करडं पाकीट घेताना तिचंही दुसरं पाकीट त्याच दिवशी दिलं असतं, तर एवढं झालं नसतं. गुपित राखायचं तर राखा, पण 'तुझ्यामुळे तिला आत जंतू गेले असतील, तिलाही औषध लागणार, कसं सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू' हे तर त्याला बजावून सांगता येतं? मी नवऱ्यांना हेच म्हणते. दहातले सात बायकोला घेऊन येतात. उरलेल्या तिघांसाठी मी एखादं निमित्त शोधून काढते.

एक गोष्ट उरलीच, रिपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा ती. पहिलटकरीण, सातवा महिना. लॅबमध्ये एकच रॅपिड चाचणी केली, रिॲक्टिव्ह आली. लॅबवाल्यानं पाकीट सासऱ्यांच्या हातात दिलं, कारण पैसे त्यांनी भरले होते. संध्याकाळी ती माहेरी, एकटी. आमच्याकडे आली तेव्हा आम्ही नियमाप्रमाणे वेगवेगळ्या तत्त्वांवरच्या चाचण्या केल्या. एचआयव्ही नव्हताच. गरोदरपणात एखादी चाचणी अशी खोटी रिॲक्टिव्ह येऊ शकते. म्हणूनच तीन वेगळ्या चाचण्या जुळल्याशिवाय आम्ही कुणालाही पॉझिटिव्ह म्हणत नाही. दोन महिने लागले तिला सासरी परत जायला, आणि ती परत गेली ते बरं झालं की वाईट, याबद्दल माझं मत अजून बनलेलं नाही. २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात संमतीशिवाय चाचणी नाही आणि संमतीशिवाय कुणाला निकाल सांगणं नाही. ऑपरेशनआधी 'रुटीन' म्हणून रक्ताच्या तपासण्यांत गुपचूप एचआयव्हीची चाचणी घुसवणं हेही त्यात येतं. लॅबवाला हा कायदा वाचणार नाही. तुमची चिठ्ठी मात्र तो वाचतो. चिठ्ठीवर 'रिपोर्ट फक्त रुग्णाच्या हाती' एवढं लिहा.

आणि जोडीदार पॉझिटिव्ह आहे म्हणून धावत आलेल्यांना उगाच घाबरवूही नका. वेळच्या वेळी गोळी घेणारा, ज्याचा विषाणू तपासणीत दिसत नाही, त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही. हे कुणी अमेरिकेतून सांगितलेलं ऐकीव नाही. २०११ मध्ये ज्या मोठ्या अभ्यासानं औषधानं लागण थांबते हे दाखवलं, त्यातली काही जोडपी आपल्या पुण्यातली होती, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतून घेतलेली. पुण्याच्या जोडप्यांनी जगाला शिकवलं आणि पुण्यापासून दोन तासांवरचा डॉक्टर अजून नवराबायकोला वेगळी ताटं ठेवायला सांगतो, हे मला झेपत नाही.

आमचं केंद्र ओपीडीच्या वेळेतच उघडं असतं, रविवारी बंद. ही आमची कमतरता आहे. आणि या घटना घडतात त्या शनिवारी रात्री, यात्रेत, लग्नसराईत, सुट्ट्यांत. रविवारी संध्याकाळी गावात दिवा लागलेला असतो तो तुमच्या दवाखान्यात. १०९७ हा टोल फ्री नंबर तुमच्या टेबलावरच्या काचेखाली लिहून ठेवा. रुग्णाला स्वतः बोलायचं असेल तर त्याच्याशी तिथं कुणीतरी बोलतं.

शेवटची विनंती. तुमच्या तालुका असोसिएशनच्या महिन्याच्या मीटिंगला औषध कंपन्यांची मुलं येतात, त्यांना पंधरा मिनिटं मिळतात. मला दहा द्या. जेवणाचं पान नको, प्रोजेक्टर नको. मी एक कालनिर्णय घेऊन येईन आणि त्यावर चार तारखांना गोल करून दाखवीन: घटना घडली तो दिवस, तिसरा, पंचेचाळिसावा आणि नव्वदावा.

आपली नम्र,
उपजिल्हा रुग्णालयातली काउन्सेलर मॅडम

ता. क. : तो रक्तदानवाला मुलगा मागच्या महिन्यात औषध न्यायला आला, तेव्हा सोबत एक मित्र होता. मित्राचा आदल्याच दिवशी संबंध आला होता. त्यानं त्याला थेट माझ्याकडे आणलं, तेवीस तासांत. मी विचारलं, "आधी कुणाला दाखवलं का?" तर म्हणाला, "नाही मॅडम, वेळ जातो."